बल्ब सोडून सगळं

तीस वर्षं मी फळ्यावर विजेरी काढली. एक लांबट डबा, त्यात एकामागे एक दोन विद्युतघट, वर कळ, पुढे बल्ब आणि विद्युतधारेची दिशा दाखवणारे बाण. बाणांना रंगीत खडू. कितीतरी तुकड्या ती आकृती वहीत उतरवून पुढे गेल्या, पण त्यातल्या एकाही पोराने नंतर आयुष्यात 'विजेरी' हा शब्द तोंडातून काढला असेल असं मला वाटत नाही. एकाने तर तिथल्या तिथे उभं राहून सांगितलं होतं, "बाई, आमच्याकडं विजेरी न्हाई. बॅटरी हाय." मी त्याला समजावलं की बॅटरी म्हणजे आतले घट, आणि तू म्हणतोस ती अख्खी वस्तू म्हणजे विजेरी. "मग आतल्याला सेल म्हनत्यात की," असं म्हणून तो खाली बसला. बरोबर त्याचंच होतं. उभ्या महाराष्ट्रात हातात धरतात ती बॅटरी, आत घालतात तो सेल, आणि विजेरी आमच्या पाठ्यपुस्तकात राहते.

हे आठवायचं कारण म्हणजे निवृत्त झाल्यावर मी माळा आवरायला काढला आणि अण्णांची बॅटरी सापडली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावात पोस्टमास्तर होते. बॅटरी तीन सेलची, पितळी, वर निकेलचा मुलामा. तो मुलामा अण्णांच्या अंगठ्याने घासून घासून कळीपाशी गेला होता आणि आतलं पितळ दिसत होतं. आजोबांच्या काळी रात्री गावात चूड पेटवून फिरत, मग कंदील आला, आणि मग ही. वाडीत तिला मान होता. रात्री नमनाला जायचं असो, कुणाचं दुखणं असो की पहिल्या पावसात खेकड्यांना जायचं असो, पोरगं दारात येऊन उभं राहायचं, "मास्तर, बॅटरी होवी व्हती." अण्णा बॅटरी देत, पण सेल मोजून देत आणि परत आल्यावर उजेड बघून घेत. उसन्या दिलेल्या दुधात पाणी आहे का हे जसं बघतात, तसं.

स्वतः वापरताना तर विचारू नका. कळ दाबायची, पुढची चार पावलं वाट बघून घ्यायची, फुरसं नाही याची खात्री करायची, कळ सोडायची, आणि ती चार पावलं अंधारात चालायची. मग पुन्हा कळ. लांबून बघणाऱ्याला वाटायचं पोस्टमास्तर तारेची भाषा विसरू नये म्हणून सराव करतायत. मला तेव्हा हा शुद्ध कंजूषपणा वाटे. पुढे वाचनात आलं की सगळ्या जगात या वस्तूचा जन्मच असा झाला आहे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल नावाच्या माणसाने नळीत सेल घालून केलेल्या दिव्याचं पेटंट 1899 साली घेतलं. कॉनरॅड ह्यूबर्टच्या कंपनीने तो दिवा विकायला काढला आणि नमुने पोलिसांना वाटले. पण सेल इतके अशक्त की दिवा सलग जळायचा नाही. लुकलुकवायचा, विश्रांती द्यायची, पुन्हा लुकलुकवायचा. म्हणून त्याचं नाव पडलं फ्लॅशलाइट. म्हणजे अण्णा ती वस्तू मूळ उत्पादकाच्या सूचनेबरहुकूम वापरत होते, आणि आम्ही पोरं हसत होतो.

सेल अगदीच मेले की ते उन्हात ठेवायचे. मे महिन्यात अंगणात आईचं वाळवण एका बाजूला आणि अण्णांचं दुसऱ्या बाजूला. कावळ्यांपासून कुरडया राखायला मी बसायचे, तेव्हा माझ्या ताब्यात तीन सेलही असत. सेल कावळा नेत नाही हे सांगून काही उपयोग नव्हता. नऊच्या आकड्यातून उडी मारणारं मांजर त्यावर असायचं. इंग्रजांच्या समजुतीप्रमाणे मांजराला नऊ जन्म असतात म्हणे. आमच्या अंगणात त्याला दहावाही मिळायचा. यात शास्त्र अजिबात नाही असं समजू नका. विश्रांतीने सेल थोडा सावरतो आणि उबेने आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते. पण तो जोर फार तर नमनाच्या अर्ध्या वाटेपर्यंत पुरतो. उरलेली अर्धी वाट आम्ही एकमेकांचे हात धरून चाललेलो आहोत.

तर ती बॅटरी पुण्यात माझ्या हातात होती आणि हलवली तर आत काही वाजत नव्हतं. बॅटरीच्या बाबतीत हे वाईट लक्षण. आत सेल होते. कुणी, कधी ठेवले देव जाणे. अण्णा नसणार, कारण ते पावसाळा संपला की सेल काढून फडक्यात बांधून ठेवत. आता ते फुटून, फुगून, पितळेला चिकटून बसले होते.

हे का होतं ते मला शिकवायला येतं. या सेलचं बाहेरचं डबडं जस्ताचं असतं आणि तेच ऋण टोकही असतं. म्हणजे भांडंच स्वतःला खात खात वीज देतं, आणि खाऊन भोक पडलं की आतला लगदा बाहेर येतो. जुन्या सेलच्या लगद्यात नवसागर असतो, कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकून धूर काढायचा तोच. शिकवायला येतं खरं, पण काढायला येत नव्हतं. बुडाचं झाकण अर्ध्या तासाने सुटलं. मग पुढचं तोंड काढून मागे लाटण्याचं टोक घालून सेल ढकलले. तिसऱ्या सेलबरोबर लाटण्याचीही घरातली कारकीर्द संपली.

"लिंबू पिळ," हे म्हणाले. ह्यांनी आयुष्यभर बँकेत काम केलं, त्यामुळे रसायनशास्त्राबद्दल त्यांना आत्मविश्वास आहे. मी म्हटलं, "अहो, या सेलची गळती मुळातच आंबट. त्याच्यावर लिंबू पिळून काय करायचं?" खाण्याचा सोडा वापरला. लिंबू वाया जाऊ नये म्हणून बाहेरून पितळेला लावलं. मग पत्तीवर काचपेपर मारला, स्प्रिंग घासली, तीन नवे मोठे सेल घातले, कळ पुढे सरकवली, आणि बॅटरी लागली! पिवळा, उबदार, समईची मोठी बहीण शोभावी असा उजेड.

तिथे मी थांबायला हवं होतं.

मुलगा बंगळूरहून फोनवर बघत होता. म्हणाला, "आई, मस्त! आता फक्त बल्ब बदल. एलईडी टाक."

या 'फक्त'मध्ये माझे पुढचे दोन आठवडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. पुण्यात विजेचं जे काही मिळतं ते तिथे मिळतं, आणि जे मिळत नाही ते 'समोर विचारा' असतं. एका दुकानात मी म्हटलं, "बॅटरीसाठी एलईडी बल्ब हवाय."

"गाडी कुठली?"

"गाडी नाही. हातातली बॅटरी. विजेरी."

त्याने मागे वळून ओरडून विचारलं, "ए, विजेरी ठेवतो का आपण?" आतून आवाज आला, "दिवाळीत!"

शेवटी मी हात पुढे करून, मूठ वळून, अंगठा सरकवून दाखवला. "असं, टॉर्च म्हणा ना काकू," तो म्हणाला. "किती सेलची? आट्याचा बल्ब की बिनआट्याचा?"

जुना बल्ब घरी होता. घरी परत आले. बल्ब आट्याचा निघाला. त्याच्या गळ्यावर बारीक अक्षरं कोरलेली असतात. माझ्या चष्म्याने ती वाचता येईनात, म्हणून ह्यांचा चष्मा त्यावर धरला. 3.8 व्होल्ट, 0.3 अँपिअर. तीन सेलचे होतात 4.5, मग बल्ब 3.8 चा का? कारण भार पडला की सेल वाकतात. शाळेत 4.5 म्हणजे 4.5 असायचे. शाळेत सेल कधी दमत नसत.

दुसऱ्या खेपेला आट्याचा तयार एलईडी बल्ब मिळाला. चाळीस रुपये. आटे अगदी बरोबर बसले. पण त्याचं पांढरं प्लास्टिकचं डोकं रिफ्लेक्टरच्या भोकापेक्षा मोठं. जुन्या बल्बला डोकं म्हणजे वाटाण्याएवढा काचेचा फुगा. भोक त्याच्या मापाने पाडलेलं. "भोक मोठं करू," हे कानस घेऊन आले. चांदीसारखी चकचकीत वाटी ती, तिला कानस लावायला मी अजून जिवंत होते. "मग वाटीच काढून टाक," हे म्हणाले. वाटी काढली तर काच बसेना, काच काढली तर कडं सैल. संध्याकाळपर्यंत आमच्या जेवणाच्या टेबलावर बॅटरीचे अकरा तुकडे होते आणि त्यांत बल्ब सोडून सगळं बदलायची गरज निर्माण झाली होती.

मला सासरच्या एका जावयाची आठवण झाली. दिवाळसणाला आला तो. स्वभावाने चांगला, खाणं जेमतेम. पण त्याला उत्तरेकडे डोकं करून झोप येत नसे म्हणून पलंग फिरवला, पलंगामुळे कपाट हलवलं, कपाट देवघराच्या दारात आलं. शेवटी देव स्वयंपाकघरात गेले, आणि सगळे म्हणत होते, "बाकी जावयाचा काही म्हणजे काही त्रास नाही हो."

तिसरी खेप. आता मी ठरवलं, एलईडीची सुटी चिमणी आणायची आणि आपणच बल्ब करायचा. गणित सोपं. पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण 3.2 व्होल्ट. सेल देतात 4.5. वरचे 1.3 कुठेतरी जिरवले पाहिजेत, नाहीतर चिमणी एका क्षणात भपकन लागेल आणि कायमची विझेल. तिला 20 मिलिअँपिअर पुरतात. ओहमचा नियम. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला भाग लावला, उत्तर आलं 65 ओहम. तीस वर्षांत पहिल्यांदाच ओहमचा नियम स्वतःच्या कामासाठी वापरला, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला.

"65 ओहमचा रेझिस्टर द्या."

"65 येत नाही. 68 घ्या, नाहीतर 56."

"पण उत्तर 65 आहे."

"बाई," तो म्हणाला. आतापर्यंत काकू होते, उत्तर म्हटल्याबरोबर त्याने मला ओळखलं. "असेल. पण कंपनी 68 काढते."

शाळेत 65 ऐवजी 68 लिहिणाऱ्या किती पोरांचे मी मार्क कापले असतील! त्यांतली निम्मी आज इंजिनिअर असतील आणि त्यांना खरं काय ते कळलं असेल. 68 घेतला. निळा, राखाडी, काळा पट्टा. प्रवाह 19 मिलिअँपिअर येतो, चिमणीची काही तक्रार नसते.

आता नव्या बल्बला आट्याचं बूड हवं, आणि मला सुचलं ते जुन्या बल्बचंच. फडक्यात गुंडाळून, डोळे मिटून, पकडीने मी अण्णांच्या बल्बची काच फोडली. बूड साफ केलं. रेझिस्टर आत बसवला, चिमणीला डाग दिला, दुसरा पाय कडेला जोडला. बल्ब बसवला. वाटी बसली, काच बसली, कडं बसलं. कळ सरकवली.

अंधार.

सेल काढून घातले. अंधार. पत्ती घासली. अंधार. मग माझ्या लक्षात आलं आणि मी मटकन खाली बसले. तीस वर्षं मी पोरांना सांगत आले, सेल उलटे घातले तरी बल्बला फरक पडत नाही, तारेला वीज कुठून आली याच्याशी देणंघेणं नसतं. साध्या बल्बच्या बाबतीत ते खरंच आहे. अण्णांच्या बल्बने आयुष्यभर ते पाळलं. एलईडी हा डायोड. त्याच्यातून वीज एकाच दिशेने जाते. उलटा जोडला तर आमच्या सेलच्या ताकदीने तो बिघडतही नाही, नुसता रुसून बसतो. म्हणून त्याचा एक पाय मुद्दाम लांब ठेवलेला असतो. लांब पाय धन, आखूड पाय ऋण.

"अहो, यातला लांब पाय कुठला होता?"

"दोन्ही सारखे केले मी," हे अभिमानाने म्हणाले. "एक उगाच लांब होता. कापला."

बँकेत खतावणी जुळवायची सवय. बाकी दिसली की छाटायची. पण एलईडी करणाऱ्यांना जगातल्या नवऱ्यांची कल्पना असावी, कारण त्यांनी दुसरी खूणही ठेवली आहे. चिमणीच्या गोल काठाला एका बाजूला किंचित सपाट चट्टा असतो. तो ज्या बाजूला, ती ऋण. नखाने चाचपून शोधला, डाग सोडवला, पाय फिरवले, पुन्हा डाग दिला. कळ सरकवली आणि पांढराशुभ्र झोत पडला.

"दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," हे म्हणाले.

त्याचंही कारण आहे. आत पांढरा दिवा नसतोच. आत असते निळी चिमणी, आणि तिच्यावर पिवळी भुकटी माखलेली. निळ्यातला थोडा उजेड भुकटी पिवळा करते, आणि निळा नि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. थोडक्यात, निळ्या नवरदेवाला हळद लावून गोरा म्हणून उभा केलाय. तो निळा उजेड साधायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षं घालवावी लागली की इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना 2014 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हळद लावणाऱ्यांना मिळालं नाही, लग्नघरात मिळतही नाही.

मे महिन्याच्या शेवटी गावी गेलो. रात्री अंगणात जाऊन मी बॅटरी पऱ्याच्या पलीकडच्या आंब्यावर मारली. अण्णांचा झोत त्या आंब्यावर जाऊन बसायचा. पानापानांत शिरायचा, एकदा त्यात मुंगसाचे डोळे चमकले होते. माझा उजेड अंगणाच्या गडग्यापर्यंत गेला आणि तिथे थबकला. तोंड फिरवून फोकस करून पाहिला, काही फरक नाही. का, ते उभ्या उभ्या कळलं. जुन्या बल्बची ठिणगीएवढी तार सगळीकडे उजेड फेकायची आणि वाटी तो गोळा करून एका दिशेने पाठवायची. तोंड फिरवायचं ते तार वाटीच्या नेमक्या बिंदूवर आणायला. एलईडी मुळातच तोंडासमोर उजेड टाकतो. मागच्या वाटीकडे तो बघतसुद्धा नाही. कानशीपासून मी जीव लावून वाचवली ती वाटी आता शोभेला आहे.

पुतण्याने त्याची दोनशे रुपयांची चार्जिंगची टॉर्च काढली आणि अख्खा आंबा, त्यामागची काजू आणि त्यामागचं सोसायटीचं गोदाम दिवसासारखं दाखवलं. गोदाम कुणाला बघायचं होतं कुणास ठाऊक.

पण एका बाबतीत माझी बॅटरी कुणाला हार जाणार नाही. जुना बल्ब 300 मिलिअँपिअर प्यायचा, बहुतेक सगळे उष्णतेत घालवायला. माझा 19 पितो. पंधरापट! अण्णांनी एवढ्या सेलवर वाडीतल्या सगळ्यांना नमनाला नेऊन परत आणलं असतं, तेही कळ न सोडता. चार पावलं उजेडात आणि चार अंधारात चालायची गरज संपली. मी मुद्दाम पऱ्यापर्यंत कळ दाबून गेले. पायाखालचं सगळं दिसत होतं. सवयीने मध्येच दोनदा कळ बंद केलीच.

परत आल्यावर बुडाचं झाकण पुन्हा घासायला घेतलं, तर स्प्रिंगच्या मागे, मी कीट समजत होते त्या चकतीखाली, कापसात गुंडाळलेला एक बल्ब निघाला. वाटाण्याएवढा फुगा, 3.8 व्होल्ट. जुन्या बॅटऱ्यांच्या बुडात जादा बल्बाला जागा असते हे मला माहीत होतं. पकड हातात घेताना आठवलं नव्हतं. लावून पाहिला. पेटला. आंब्यापर्यंत गेला. काढून पुन्हा कापसात ठेवला.

आता एक सांगायचं राहिलं. एलईडीमुळे सेल संपतच नाहीत. संपत नाहीत म्हणून कुणी ते बदलत नाही, बदलत नाही म्हणून झाकण उघडत नाही, आणि उन्हातही ठेवत नाही. ते आत बसून राहतात आणि शांतपणे स्वतःचं जस्त खातात. तेव्हा तुमच्या माळ्यावर आजोबांची, वडिलांची अशी बॅटरी पडली असेल, तर हा अंक बाजूला ठेवा, स्टूल घ्या, आधी तिच्यातले सेल काढा. बल्बचं मग बघता येईल.